न गंजणारी नक्कल

ऑस्ट्रेलियात आल्यावर क्रेगीबर्नला भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी आमच्या पे-स्लिप्सकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिला तो माझ्या हातातला डबा. पहिल्यांदाच कुणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी चिवडा नेला होता. त्यांनी झाकण काढलं, चिवडा ताटात ओतला, डबा उपडा केला, बोटाच्या पेरानं टक्‌ करून वाजवला आणि कानाशी धरला.

"पत्रा हलका आहे. कुठून घेतलात?"

"लग्नात आलाय," मी म्हणाले.

"मग तुमचा दोष नाही," ते म्हणाले आणि आम्हाला घर मिळालं.

घर म्हणजे त्यांच्या घरामागची छोटी, स्वतंत्र ग्रॅनी फ्लॅट. आम्ही नुकतेच पुण्याहून आलेलो. नवरा आयटीत, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आणि ओळखीचं म्हणावं असं चिटपाखरू नाही. त्यामुळे मालक आणि मालकीणबाई पहिल्याच आठवड्यात काका-काकू झाले. भाडं मागायला काका कधी आले नाहीत, पण आमच्याकडे नवीन भांडं आलं की ते वाजवायला मात्र हमखास यायचे. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. माणसानं चहाला यावं, चहा प्यावा, चमचा उलटा करून काय बघायचा? पण त्यांना स्टील दिसलं की राहवायचं नाही. पुण्यात रविवार पेठेत त्यांच्या वडिलांचं, अप्पांचं, भांड्यांचं दुकान होतं. "मेटलर्जी शिकलो ती नंतर. स्टील मला आधीपासून येत होतं," असं ते सांगायचे, पोहता येत होतं म्हणावं तसं.

इथवर ठीक होतं. पुण्यात असली माणसं गल्लोगल्ली असतात. पण एकदा काकू कपडे वाळत घालता घालता मला म्हणाल्या, "आज यांचा माझ्या सवतींना तेल लावायचा दिवस. आता दुपारपर्यंत हाक मारली तरी ओ देणार नाहीत." मी म्हटलं, कसल्या सवती? तर त्यांनी खिडकीतून आत बोट दाखवलं. डायनिंग टेबलवर जुनी सतरंजी, तिच्यावर पांढरं धोतराचं फडकं, आणि त्यावर ओळीनं मांडलेली चकाकती रिव्हॉल्व्हरं. हातात पांढरे मोजे घालून काका एकेकाला तेल चोळत होते.

मी घाबरून नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, सामान बांधू या.

बांधलं नाही, हे बरं झालं. सगळं रीतसर होतं. परवाना होता, भिंतीत ठोकलेली पोलादी तिजोरी होती, ती तपासायला अधूनमधून पोलीस यायचा. आणि काकांनी उभ्या जन्मात एकदाही चाप ओढलेला नव्हता. मी विचारलं होतं, "मग कशाला हवीत?" तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी विचारलंय, गाणं ऐकून पोट भरतं का.

इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना पिस्तूलकाका म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण मग पिस्तूल वेगळं आणि रिव्हॉल्व्हर वेगळं, हे अर्धा तास ऐकावं लागे. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा सांगेन. "लहानपणी दिवाळीत टिकल्या वाजवल्यास ना? तेच हे. मोठ्या माणसांचं. यात काडतूस नाही. फिरत्या चक्राला घरं असतात. प्रत्येक घरात समोरून दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागे टिकली बसवायची. ठासणीची बंदूक म्हणतो ना आपण, तिचीच ही बहीण." ही मूळची हत्यारं दीडशे वर्षांपूर्वीची. ती जमवणारे लोक जगभर आहेत, ऑस्ट्रेलियातही आहेत. पण आमच्या काकांना मूळच्यात काडीचा रस नव्हता. त्यांना हव्या असायच्या नकला. अलीकडे इटलीतल्या कारखान्यांनी बनवलेल्या हुबेहूब नकला, आणि त्यातही फक्त स्टेनलेस स्टीलच्या.

आता गंमत अशी, की दीडशे वर्षांपूर्वी स्टेनलेस स्टील नव्हतंच. म्हणजे स्टीलचं ठासणीचं रिव्हॉल्व्हर ही इतिहासाच्या दृष्टीनं शुद्ध थाप. इतिहासवाले त्याला हात लावत नाहीत, म्हणून ती फार बनलीच नाहीत, म्हणून ती दुर्मीळ, आणि म्हणून आमचे काका त्यांच्यापायी वेडे. कलेक्टरांच्या क्लबातले गोरे म्हातारे त्यांना चिडवायचे, "स्टिल बायिंग किचनवेअर, मेट?" काका खूश व्हायचे. घरी येऊन आम्हाला सांगायचे आणि वर आपलं ठरलेलं वाक्य टाकायचे, "नक्कल म्हणून नाक मुरडू नका. अस्सल गंजतं. नक्कल गंजत नाही."

हे वाक्य ते कशालाही लावायचे. इथल्या टिनमधल्या आंब्याच्या रसाला, मंडळाच्या नाटकाला, टार्निटच्या नव्या देवळाला. एकदा माझ्या इमिटेशनच्या मंगळसूत्राला लावलं, तेव्हा मात्र मी दोन दिवस बोलले नाही.

ओळखण्याचं त्यांचं कसब खरोखरच वेगळं होतं. मंडळातले एक इंजिनिअर एकदा लोहचुंबक घेऊन आले. आपल्याकडे भांडी घेताना चुंबक लावून बघतात, चिकटलं तर स्टील हलकं. त्यांनी एका रिव्हॉल्व्हरच्या नळीला चुंबक लावलं, ते टचकन चिकटलं. "काका, फसलात!" ते म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, "ताटाचं स्टील वेगळं आणि नळीचं वेगळं. हे चिकटणारच. आणि साध्या लोखंडावर निकेलचा मुलामा दिला, तरी चिकटणारच. चुंबक घरी न्या, फ्रीजवर बिलं लावा." मग त्यांनी खरी रीत सांगितली. निकेलला किंचित पिवळी झाक असते, स्टीलला निळसर-राखाडी. पण उजेड फसवतो, म्हणून आधी स्क्रू बघायचे. "मुलामा देणारा नळीला देतो, मुठीला देतो. स्क्रूच्या खाचेत मात्र पेचकस फिरून फिरून मुलामा निघून जातो आणि आतलं लोखंड तांबूस दिसतं. खोटेपणा नेहमी खाचेत सापडतो."

यावरून त्यांचं दुसरं वाक्य तयार झालं होतं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की विचारायचे, "मुलगा छान आहे हो, पण स्क्रू बघितलेत का?"

काकू या सगळ्यात वावरायच्या कशा, याचं मला नवल वाटायचं. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरच्याची बोलती बंद. तिजोरी देवघराच्या भिंतीला लागून होती. दसऱ्याला शस्त्रपूजा करायची म्हणून त्या हळदकुंकू घेऊन आल्या, तर काका तिजोरीपुढे आडवे हात करून उभे. "कुंकू ओलावा धरतं, डाग पडेल!" काकूंनी शांतपणे तिजोरीच्या दारालाच हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "सवतींची ओटी बाहेरूनच भरते." पुढे तपासणीला आलेल्या तरुण पोलिसानं तो लाल-पिवळा डाग बघून विचारलं, हे काय? काकू म्हणाल्या, "रिलिजस." तो म्हणाला, "नो वरीज." आणि मग बसून त्यानं शंकरपाळ्यांचा अख्खा डबा संपवला.

त्या डब्यावर नाव होतं. आमच्या त्या भागातल्या सगळ्या मराठी घरांतल्या डब्यांवर असायचं, आणि त्याचं श्रेय काकांना. गणपतीच्या महाप्रसादाला घराघरांतून भांडी यायची आणि परत जाताना अदलाबदल व्हायची. माझी कढई तुझ्याकडे, तुझं पातेलं तिसरीकडे, आणि सहा महिने रुसवेफुगवे. काकांनी वडिलांच्या दुकानातलं नाव घालायचं मशीन सांभाळून इथं आणलं होतं. लेखणीसारखं धरायचं, बटण दाबलं की टोक थरथरतं आणि स्टीलवर अक्षर उमटत जातं. ते सगळ्यांची नावं फुकट घालून द्यायचे. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू व्हायला लागला, तेव्हा काकूंनी मशीन हातात घेतलं. बघून बघून शिकल्या होत्या. त्यांचं अक्षर गोल आणि ठसठशीत. माझ्या मोठ्या पातेल्यावर त्यांनीच माझं नाव घातलंय.

आणि मग ते एक रिव्हॉल्व्हर आलं.

काका कित्येक वर्षं त्याच्या शोधात होते. इटलीतल्या एका छोट्या कारखान्यानं स्टीलमध्ये अगदी थोडी काढली आणि मग कारखानाच बंद पडला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. एका शनिवारी गावाकडच्या एका हॉलमध्ये जुन्या हत्यारांचं प्रदर्शन होतं. माझा नवरा गाडी चालवायला, काकू आणि मी तिथल्या बायकांच्या स्टॉलवरचे स्कोन खायला. काका टेबलामागून टेबल वाकून बघत चालले होते. एका टेबलापाशी थांबले ते थांबलेच. तिथल्या एका रिव्हॉल्व्हरच्या चिठ्ठीवर निकेल लिहिलेलं होतं. काकांनी खिशातून भिंग काढलं, आधी स्क्रू बघितले, मग नळीच्या डाव्या पट्टीवरचा कारखान्याचा बारीक शिक्का. मग त्या विकणाऱ्या माणसाला म्हणाले, "धिस इज नॉट निकेल. यू हॅव रिटन राँग." माझ्या नवऱ्यानं कपाळावर हात मारला. तो माणूस हसला, म्हणाला, तू म्हणशील ते, मेट.

परवानगीचे कागद होऊन ते घरी येईपर्यंत काकांना अन्न गोड लागलं नाही. काकू म्हणायच्या, "लेकीच्या वेळेस एवढ्या फेऱ्या मारत नव्हते." आलं त्या दिवशी त्यांनी ते काकूंपुढे धरलं. काकूंनी नखानं टिचकी मारून बघितली आणि म्हणाल्या, "आवाज चांगला आहे." लग्नाच्या इतक्या वर्षांत त्या हत्यारांबद्दल काकू पहिल्यांदा काही बरं बोलल्या होत्या. काका लहान मुलासारखे लाजले. मला ते दोघं तसेच लक्षात ठेवायला आवडलं असतं.

पुढच्याच वर्षी काकांची साठी आली. आदल्या रविवारी मी माझ्या स्वयंपाकघरात लाडवांचं बेसन भाजत होते. पलीकडून मशीनचा डर्र्‌र्र आवाज येत होता, मला वाटलं कुणाचा तरी डबा असेल. आवाज थांबला तशी कढई घेऊन मी वास द्यायला गेले, भाजलं की नाही ते काकूच सांगू शकायच्या. डायनिंग टेबलवर नेहमीचं तेलपाण्याचं सामान मांडलेलं, काका शेजारच्या आरामखुर्चीत डुलकी काढून नुकतेच जागे होत होते. चेहऱ्यावर हसू होतं.

"अप्पांच्या दुकानात होतो गं मी," ते काकूंना म्हणाले. "कुणीतरी नाव घालून घेत होतं."

"मीच घालत होते," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी दोन्ही हातांत, नॅपकिनवर ठेवून, ते रिव्हॉल्व्हर पुढे केलं.

नळीच्या डाव्या पट्टीवर, गोल ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ह्यांना, साठीबद्दल. सुलभा.

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, हातात कढई होती म्हणून राहिलं. ज्यांना जन्मभर सवती म्हटलं, त्यांतल्या एकीला काकूंनी घरात घेतलं होतं. आपल्याकडे घरात आलेल्या वस्तूवर नाव घालतात, तसं घातलं होतं. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडानं घेतलं नव्हतं, ते स्टीलवरही घेतलं नाही.

काकांनी चष्मा लावला आणि ते उजेडाला खिडकीपाशी घेऊन गेले. वाचलं.

"भंगार केलंस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "जगात अशी किती असतील कुणास ठाऊक. त्याचं भंगार केलंस."

"अहो, तिथं आधी कुणाचं तरी नाव होतंच की," काकू गोंधळून म्हणाल्या. "शेजारी जागा रिकामी दिसली."

"ते कारखान्याचं नाव आहे!"

"मग हे घरचं."

"नाव घातलेलं भांडं कुठलाही दुकानदार परत घेत नाही. माझ्या घरात इतकी वर्षं काढलीस, एवढं तरी कळायला हवं होतं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "परत कुणाला द्यायचं होतं?" त्या म्हणाल्या.

माझ्या कढईतलं बेसन तळाला लागलं होतं, त्याचा वास खोलीभर पसरला. काकूंनी माझ्या हातातून कढई घेतली आणि गॅसकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका ते घेऊन गॅरेजमध्ये गेले. तिथं त्यांचं पॉलिशचं चाक होतं. नाव काढायचं आणि वस्तू पूर्ववत करायची, असा त्यांचा हिशेब. हा माणूस दुसऱ्यांना बजावायचा, की पॉलिश केलेली वस्तू मेलेली वस्तू, कारखान्यातल्या घासणीच्या रेघासुद्धा पुसायच्या नसतात. पण त्या दिवशी डोक्यात राख घातलेली, त्यात मोतीबिंदू. काकूंनी मशीन जोर लावून धरलं होतं, अक्षरं खोल गेली होती. ती जाईपर्यंत काका दाबत राहिले, आणि चाकानं शेजारचा कारखान्याचा शिक्काही खाल्ला. ज्या एका खुणेवरून ते ओळखता येत होतं, ती खूण गेली. काकूंचं नावही गेलं. काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

साठी झाली. काकूंनी हसून लाडू वाढले, औक्षण केलं. कुणाला काही कळलं नाही. फक्त त्यानंतर तिजोरीच्या दारावरचा हळदकुंकवाचा डाग पुसलेला दिसला, आणि पुढच्या दसऱ्याला नवा लागला नाही. सवत हा शब्द काकूंच्या तोंडून परत कधी आला नाही. तिजोरी उघडली की त्या शांतपणे दुसऱ्या खोलीत जायच्या. नाव घालायला कुणी भांडं आणलं तर म्हणायच्या, "आता डोळे साथ देत नाहीत गं." डोळे चांगले होते. सुईत दोरा ओवायच्या त्या.

काकांना चूक कळली होती. पण स्टीलच्या शंभर जाती तोंडपाठ असलेल्या माणसाला 'चुकलं' एवढा एक शब्द येऊ नये? ते आपल्या परीनं मनवत होते. उंची पॅन आणले, काकूंनी छान आहेत म्हणून कपाटात ठेवले. एकदा मी चिडून म्हणालेच, "काका, सरळ सांगून टाका ना काकूंना."

"सांगणार आहे."

"कधी?"

"वेळ बघून," काका म्हणाले.

आम्ही पॉइंट कुकला स्वतःच्या घरात राहायला गेलो. काकूंच्या पोटात दुखायला लागलं आणि सगळं फार भराभर झालं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तेव्हा काका कॉटशेजारी बसले होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. मी मुद्दाम खिडकीपाशी सरकले. काकांनी कॉटच्या दांडीवरून हात फिरवला, बोटाच्या पेरानं वाजवली आणि म्हणाले, "चांगलं स्टील आहे हं."

"हो का," काकू म्हणाल्या आणि डोळे मिटले.

त्या माणसाची मला इतकी चीड आली, आणि इतकी कीवही. त्यांना जे बोलायचं होतं ते त्या दांडीच्या आसपासच कुठेतरी होतं, पण बाहेर आलं ते एवढंच. पुढच्या आठवड्यात काकू गेल्या.

नंतर कधीतरी मंडळातल्या बायका मला फोन करायला लागल्या. काकांचं काही खरं नाही, म्हणाल्या. घरी येतात, चहा नको म्हणतात, सगळे डबे काढायला लावतात. एका शनिवारी सकाळी ते माझ्याकडेही उगवले. क्रेगीबर्नहून पॉइंट कुकला, ट्रेन बदलत, मग बसनं. हातात भिंग.

"तुझं ते मोठं पातेलं आहे का गं?"

मी काढून दिलं. त्यांनी वाजवलं नाही. सरळ नावाला भिंग लावलं. "हे तिचं," ते म्हणाले. "माझं अक्षर तिरकं जातं. ती वळणावर थांबायची, म्हणून तिथं टिंब खोल आहे. बघ." मी बघितलं. खरंच होतं.

"काका, तुम्ही काय शोधताय घरोघर?"

"तिचं नाव," काका म्हणाले. "तिनं सगळ्यांची घातली. लोकांच्या सुनांची, नातवंडांची, मंडळाचं. तिचं स्वतःचं कुठं घातलंय का, तेवढं बघतोय. आमच्या घरातल्या भांड्यांवर माझ्या आईचं नाव आहे, नाहीतर माझं. तिनं तिचं कधी घातलंच नाही." भिंग खिशात टाकत ते पुढे म्हणाले, "एकदाच घातलं. सौभाग्यवती पण नाही लावलं. नुसतं सुलभा."

मी पोळ्या केल्या, त्यांना बळेच जेवायला घातलं आणि नवऱ्यानं गाडीनं घरी सोडलं.

गेल्या महिन्यात त्यांनी फोन केला. ब्रिस्बेनची लेक त्यांना घेऊन जाणार होती. तिच्या घरात लहान मुलं, तिला हत्यारं नको होती, आणि तिचं बरोबरच होतं. परवाना असलेला एक डीलर येऊन सगळी घेऊन जाणार होता. "तू ये," काका म्हणाले. "इंग्रजी येतं मला, पण त्या दिवशी बोलावंसं वाटणार नाही."

डीलर भला माणूस होता, साठीच्या आसपासचा, मागे उघडा हौदा असलेली यूट गाडी घेऊन आलेला. त्यानं मोजे घातले आणि एकेक नग उचलून मनापासून तारीफ केली. निवड फार डोळसपणे केलीय, म्हणाला. काका मान डोलवत होते. मग तो त्या रिव्हॉल्व्हरशी आला. नळी खिडकीकडे धरून त्यानं जीभ टाळ्याला लावून चक्‌ केलं.

"व्हॉट अ शेम. कुणीतरी चाकावर घातलंय हे. असं कोण करतं?"

"आय डिड," काका म्हणाले.

डीलर चपापला. "का?"

"देअर वॉज अ नेम. माय वाइफ्स."

त्यानं ते हळूच टेबलावर ठेवलं. मग काकांना धीर द्यावा म्हणून, अगदी चांगल्या मनानं म्हणाला, की नाव असतं तरी काही बिघडलं नसतं. लोकांना उलट आवडतं. कुणी कुणाला दिलं, कशासाठी दिलं, असं लिहिलेलं असलं की वस्तूला माणूस मिळतो. शिक्का तेवढा शाबूत असता, तर मी ते नावासकट आनंदानं घेतलं असतं.

मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं. काका म्हणाले, "येस. येस." मग जन्मात केलं नव्हतं ते त्यांनी केलं. हातातले पांढरे मोजे काढले आणि उघड्या अंगठ्यानं ती पट्टी चाचपली. चाकानं जिथं जास्त खाल्लं होतं तिथं अंगठा थांबला. "इथं खोलगट लागतं," ते मराठीतच म्हणाले, माझ्याकडे न बघता. डीलर समजल्यासारखा थांबला, घाई केली नाही. मग काकांनी ते त्याच्या हातात दिलं.

यूट गेली. तिजोरी उघडी, रिकामी. काका गॅरेजमध्ये जाऊन नाव घालायचं मशीन घेऊन आले. "हे तू ने. गणपतीत लागेल तुम्हाला."

मी ते भिंतीच्या प्लगला लावून बघितलं. डर्र्‌र्र. चालू होतं. आणि मला एकदम सुचलं. स्वयंपाकघरात काकूंचा मसाल्याचा डबा होता, रोजच्या हातातला, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. मी तो आतल्या वाट्या काढून घेऊन आले.

"काका, यावर मी घालू? नुसतं सुलभा. माझ्या पातेल्यावर काकूंचं अक्षर आहे ना, घरी नेऊन ते समोर ठेवून अगदी तसंच काढते. वळणावरच्या टिंबासकट. ब्रिस्बेनला घेऊन जा."

मला वाटलं होतं, ते हो म्हणतील. काकांनी डबा हातात घेतला. सवयीनं बोटाच्या पेरानं वाजवला, कानाशी धरला. मग त्याला झाकण लावलं आणि माझ्या हातातल्या मशीनचं बटण स्वतःच बंद केलं.

"नको गं," ते म्हणाले. "नक्कल होईल ती."